अँगस रॅट्रे यांचं नाक

मशीन सुरू करण्याआधी भोंगा तीनदा वाजायचा. पहिल्या भोंग्याला सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, दुसऱ्याला एकमेकांकडे बघून माणसं मोजायची आणि तिसरा वाजला की हिरवं बटण. आधी एक कण्हल्यासारखा आवाज. मग पांढऱ्या कागदाचा पट्टा हळूहळू सरकायला लागे, वेग घेई, आणि मिनिटाभरात पायाखालची फरशी थरथरत असे. सांगलीच्या दैनिकात मी वीस वर्षं पानं लावली होती, पण तिथे आमचा विभाग वरच्या मजल्यावर. पान खाली पाठवलं की आमचं काम संपलं. मशीनच्या पोटाशी उभं राहून ‘आपलं’ पान घडी होऊन बाहेर पडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते नेदरलँड्समध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, एका स्कॉटिश माणसाच्या छापखान्यात.

मी तिथे पोचले तीही एक गंमतच. माझे यजमान सुहास रॉटरडॅम बंदराच्या संगणक प्रणालीचं काम करतात. मुलगी शिकायला लांब गेली आणि मी नोकरी सोडून त्यांच्यामागे रॉटरडॅमशेजारच्या कापेल आन डेन आयसेलला आले. दोन वर्षं घरी बसून मला खिडकीतल्या कुंड्यांची पानं मोजायची वेळ आली. मग मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची छोटी जाहिरात द्यायला मी ‘डे डाइकक्लॉक’ या स्थानिक साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. नावाचा अर्थ बांधावरची घंटा. औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड, पुढे कचेरी, मागे छापखाना. टेबलावर उद्याच्या अंकाचं पान तपासायला पसरलेलं. डच मला यथातथाच येत होतं, तरी सवयीनं नजर फिरली आणि थांबली.

‘‘हा कुत्रा महापौर आहे का?’’ मी इंग्रजीत विचारलं.

टेबलापलीकडचे उंच, लालसर चेहऱ्याचे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ पुढे वाकले. हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोखाली महापौरांचं नाव होतं आणि महापौरांच्या फोटोखाली ‘पट्टा लाल, नावाला ओ देतो’. नगरपालिकेच्या पत्रांवर ‘महापौर’ हा शब्द शंभरदा वाचल्यामुळे मला तेवढा ओळखता आला होता.

गृहस्थ हसत हसत खुर्चीत बसले. ‘‘तू काय काम करतेस?’’

‘‘सध्या काही नाही.’’

‘‘सोमवारी ये.’’

हे अँगस रॅट्रे. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि जाहिरातवाल्यांशी भांडणारे, सगळं एकच. जन्म स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ गावचा. तिथे लाकडाच्या धुरावर मासे भाजून टिकवतात, घराघरामागे धुराची खोपटं. वडील तिथल्या छोट्या वर्तमानपत्रात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. अँगस मशीनवर तयार झाले, पुढे मशीन बसवून देणाऱ्या कंपनीत फिटर झाले. एक मशीन उभारायला तीन महिन्यांसाठी म्हणून रॉटरडॅमला आले, मरायके नावाच्या मुलीच्या प्रेमात पडले आणि राहिले. एक दैनिक बंद पडलं तेव्हा त्याचं जुनं मशीन त्यांनी विकत घेतलं, तुकडे करून आणलं, स्वतःच्या हातांनी पुन्हा जोडलं आणि मग ‘आता यावर काय छापायचं’ म्हणून साप्ताहिक काढलं. त्यांची भाषा म्हणजे स्कॉटिश हेल काढलेलं डच. कापेलचे लोक त्यांना चिडवायचे, पण गुरुवारी पेपर आला नाही की फोन करायचे.

त्यांना नावानंच हाक मारायची असा तिथला रिवाज. मला ते जड गेलं. शेवटी मी मनाशी तडजोड केली, नाव ‘अँगस’, पण मनातलं क्रियापद आदरार्थी. माझं नाव त्यांच्या जिभेवर ‘शुबादा’ झालं.

त्यांच्याकडे कान होता आणि नाक होतं. कान बऱ्याच मशीनवाल्यांना असतो, पण नाक त्यांचंच. शाईत पाणी जास्त झालं की त्यांना वासानं कळे. रबराचा पट्टा झिजला, मोटर तापली, कागदाचं रीळ ओल धरून आलं, सगळं ते आधी हुंगायचे आणि मग बघायला जायचे. म्हणायचे, ‘‘माझं नाक आर्ब्रोथच्या धुरात शिकलंय. कोणत्या खोपटातला मासा करपतोय ते गल्लीच्या टोकावरून सांगायचो.’’ मशीनवर त्यांचा जोडीदार होता केस. हो, नावच केस, आणि डोक्यावर एकही नाही. हा विनोद मी सुहासना सांगितला तेव्हा ते जेवता जेवता ठसकले. केसला सांगितला तेव्हा त्यानं स्वतःचं नाव देवनागरीत लिहून मागितलं आणि टोपीवर चिकटवलं.

मग मार्च महिना आला, कोरोना आला आणि देश बंद झाला.

जाहिराती एका आठवड्यात गेल्या. उपाहारगृहं बंद, केशकर्तनालयं बंद, नाटकं नाहीत, मग जाहिरात कुणाची? आसपासच्या फुकट पेपरांनी अंक थांबवले. आम्हीही थांबणार असं मी धरूनच चालले होते. त्या सोमवारी एक म्हातारी बाई सायकलवरून आली. मेव्राऊ फान डर वाल, म्हणजे फान डर वालबाई. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, रेनकोट घातलेल्या. दारातूनच बोलल्या.

‘‘माझा नवरा पीट नदीकाठच्या वृद्धनिवासात आहे. आत सोडत नाहीत. फोनवर त्याला ऐकू येत नाही. खिडकीतून हात हलवू म्हटलं तर खोली चौथ्या मजल्यावर, मागच्या बाजूला.’’

‘‘मग?’’ अँगसनी विचारलं.

‘‘तो तुमचा पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. छापा की टोमॅटो उगवलेत.’’

आम्ही छापलं. चौकटीत, ठळक अक्षरांत, खाली बाईंच्या नावानिशी, ‘पीट, टोमॅटो उगवलेत. कॉर’. पुढच्या सोमवारी सात निरोप आले. त्याच्या पुढच्या सोमवारी मधलं पूर्ण पान भरलं. अँगसनी अंक आठ पानांवरून चारवर आणला, पण निरोपांचं पान ठेवलं, आणि वृद्धनिवासात प्रत्येक खोलीत एक अंक जाईल अशी व्यवस्था लावली. ‘आजोबा, माझा दात पडला.’ ‘बेप, मांजरीला चार झाली, एक तुझ्यासाठी ठेवतेय.’ एक गृहस्थ वृद्धनिवासातल्या बहिणीशी बुद्धिबळ खेळायचे, दर आठवड्याला आमच्या पानातून एक चाल. बहिणीला फोन करता येत होता, चांगलं खणखणीत बोलायची. पण तिचा हट्ट होता की भावाला चारचौघांत हरवायचं. तिची चाल नर्स आम्हाला कळवायची. थोड्याच दिवसांत सगळं गाव तो डाव खेळायला लागलं. कचेरीत फोन यायचे, ‘‘त्यांना सांगा, घोडा हलवू नका!’’ आम्ही काय सांगणार? आम्ही छापणारे.

मला ते दिवस आठवले की अजून हुरूप येतो. सगळीकडे सामसूम, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आमच्या शेडमध्ये गुरुवारी सकाळी भोंगा वाजतोय! एकमेकांपासून लांब उभे राहून, मास्कमधून ओरडून बोलत, आम्ही तिघं आणि ते मशीन.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल.

त्या हिवाळ्यात एका आठवड्याला निरोप जास्त झाले. पान लावताना मला तीन निरोप बसेनात. पेपरवाल्यांसाठी ही रोजची बाब. जे बसत नाही ते पुढच्या अंकात. मी ज्यांत काही तातडीचं दिसलं नाही असे तीन बाजूला ठेवले. त्यांतला एक बस चालवणाऱ्या एका बाईचा, तिच्या आईसाठी. ‘आई, निळ्या कोटाची बटणं लावून घेतली. आता छान बसतो.’ एवढंच. त्याच आठवड्यात आई गेली.

मुलगी कचेरीत आली. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, ‘‘तो कोट तिनं शिवला होता. बटणं राहिली होती. गेल्या गुरुवारी ती पेपर शोधत बसली होती, असं नर्स म्हणाली.’’ मी ‘जागा नव्हती’ म्हणाले आणि म्हणताक्षणी मला माझी लाज वाटली. ती मान हलवून गेली.

अँगसनी त्या आठवड्याचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःच्या अग्रलेखावर बोट ठेवलं. ‘‘हे उडवता आलं असतं. पुढच्या वेळी हे उडव. निरोप थांबवायचा नाही.’’ त्यानंतर कित्येक अंकांत त्यांचा अग्रलेख नव्हता, आणि एकाही वाचकानं विचारलं नाही याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

जानेवारीत अँगसना कोरोना झाला. ते घरीच होते, मरायके त्यांची शुश्रूषा करत होती, आणि केसनं माझ्या मदतीनं दोन अंक काढले. कागद कसा ओवायचा, चार रंग एकावर एक बरोबर बसलेत की नाही हे भिंगातून कसं पाहायचं, हे मी तेव्हा शिकले. रंग केसभर सरकला तरी छापलेल्या माणसाला दोन नाकं दिसतात. अँगस परत आले ते पाच किलो कमी होऊन. आल्या आल्या शाईचा डबा उघडला, नाक खाली नेलं आणि तसेच थांबले.

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पाण्याचा डबा हुंगल्यासारखं.’’

‘‘येईल परत,’’ मी म्हटलं.

‘‘हो, हो. डॉक्टरही तेच म्हणाला.’’ त्यांनी झाकण लावलं. त्यानंतर त्यांनी त्याविषयी बोलणं टाळलं.

आणि मग फेब्रुवारीतला तो गुरुवार. बाहेर गुडघाभर बर्फ. आता केसला कोरोना झालेला, तो घरी. मशीनवर सत्तरी ओलांडलेले अँगस आणि मदतनीस मी. तेव्हा रात्री नऊनंतर संचारबंदी होती. बर्फात अंक वाटायला दुप्पट वेळ लागणार म्हणून वाटप करणाऱ्यांना साडेपाचच्या आत गठ्ठे द्यायचे होते, आणि वृद्धनिवासाचं फाटक सहाला सामान घेणं बंद करायचं. पान निरोपांनी खचाखच भरलेलं. बुद्धिबळात भावानं बहिणीला शह दिला होता. काही झालं तरी उशीर होता कामा नये, हे माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल.

तीन भोंगे झाले. मशीन सुरू झालं, वेग आला. अर्धे अंक निघाले असतील, आणि मला वास आला.

तापल्या तव्यावर विसरलेल्या तेलासारखा. पुसट. मी मास्क खाली केला. आता स्पष्ट.

‘‘अँगस! काहीतरी जळतंय!’’

ते पेपर घडी होऊन पडतात तिथे उभे राहून अंक चाळत होते. त्यांनी मान वर केली, डोळे मिटून मशीन ऐकलं. ‘‘आवाज ठीक आहे. नवी शाई आहे, तिचा असेल.’’

‘‘शाईचा नाही!’’

‘‘शुबादा, आज थांबता येणार नाही. तुला माहीत आहे.’’

मला माहीत होतं. निळा कोट माझ्या डोळ्यांसमोर होता. पुन्हा उशीर, पुन्हा कुणीतरी पेपर शोधत बसणार, आणि तेही पुन्हा माझ्यामुळे. शिवाय पन्नास वर्षं मशीन चालवणारा माणूस सांगतोय की ठीक आहे. आणि मी? मी पानं लावणारी बाई.

वास दाट झाला. मी चार ढांगांत भिंतीपाशी गेले आणि लाल बटण तळहातानं दाबलं.

कागद टर्रकन फाटला. मशीन धडधडत थांबलं. त्या शांततेत अँगस माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

‘‘माझ्या छापखान्यात माझ्याशिवाय ते बटण कुणी दाबत नाही! या मशीनचा आवाज मला माझ्या बायकोच्या आवाजासारखा कळतो!’’

‘‘आवाज तुम्हाला कळतो,’’ माझाही आवाज चढला. ‘‘वास मला येतोय!’’

ते पाना घेऊन गेले आणि घडी घालणाऱ्या भागाचं बाजूचं झाकण काढलं. आत मोठ्या रोलरचं बेअरिंग काळंनिळं पडलेलं. अँगसनी ओला बोळा टेकवला तर चर्र आवाज होऊन वाफ आली. त्याच्या खालीच साठलेला कागदाचा भुसा होता, ग्रीसनं माखलेला, आणि त्याची कड लाल होऊन धुमसत होती. मी बादली ओतली. शेडमध्ये चहूकडे कागदाची रिळं. अजून पाच मिनिटं आणि आम्ही दोघं बाहेर बर्फात उभं राहून आग बघत असतो, तीसुद्धा बाहेर पडलो असतो तर.

अँगस एका रिळावर बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ‘‘मला काहीच आलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘काहीच नाही, शुबादा. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.’’

मला त्यांना पाणी द्यावंसं वाटलं, धीर द्यावासा वाटला, पण घड्याळात साडेदहा वाजले होते. मी म्हटलं, ‘‘बेअरिंग कुठे मिळेल?’’

तो प्रश्न त्यांना पाण्यापेक्षा जास्त कामी आला. ते ताडकन उठले. मशीनचे सुटे भाग बनणं कधीच बंद झालं होतं, पण बेअरिंग हे बेअरिंग असतं. बोटीच्या इंजिनातलं नि छापखान्यातलं, माप जुळलं की झालं. मास्कमुळे त्यांचा चष्मा वाफाळला होता. कडीवरचा खोदलेला नंबर मी टॉर्चच्या उजेडात वाचून दाखवला, दोनदा, तीनदा. बंदराकडच्या चार दुकानांना फोन केले. चौथ्याकडे होतं. पण बर्फामुळे त्याची गाडी निघत नव्हती.

मी सुहासना फोन लावला. ते घरून काम करत होते, मीटिंगमध्ये होते.

‘‘अहो, मीटिंग सोडा आणि मेट्रोनं बंदराकडे जा.’’

‘‘काय आणायचंय?’’

‘‘बेअरिंग.’’

‘‘काय रिंग?’’

अडीच वाजता सुहास आले. गळ्यात मफलर, भुवयांवर बर्फ, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं ते बेअरिंग, जणू नवजात बाळाला इस्पितळातून घेऊन आलेत. अँगसनी तोवर जुनं ओढून काढलं होतं. आता नवं दांड्यावर चढवायचं. पण बेअरिंग दांड्यावर इतकं घट्ट बसतं की ठोकलं तर बिघडतं. ते आधी गरम तेलात तापवून फुगवावं लागतं, मग अलगद सरकतं आणि थंड झालं की आवळून बसतं. तेल तापवायचं कशात?

आम्हा तिघांची नजर एकाच वेळी चहाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे केसचा तळणीचा विजेचा डबा होता. त्यात तो दर गुरुवारी अंक निघाल्यावर फ्रिकांडेल तळायचा. ते एक लांबुळकं मांसाचं सॉसेज, डच लोकांचा वडापाव म्हणा. तापमानाचा काटासुद्धा होता त्याला!

मी केसला फोन करून परवानगी मागितली. तो खोकत खोकत म्हणाला, ‘‘माझ्या तेलात लोखंड?’’ मग थोडं थांबून, ‘‘शंभरच्या वर नेऊ नका. दहाएक अंश चालतील फार तर. आणि तेल नंतर बदला.’’

बेअरिंग तळलं. दुसरा शब्द नाही त्याला. मी जाळीनं उचललं, अँगसनी जाड हातमोज्यांत घेतलं, श्वास रोखला आणि एका दमात दांड्यावर सरकवलं. खट्! बरोबर जागेवर. सुहास टाळ्या वाजवायला लागले. एरवी त्यांना लग्नातही टाळ्या वाजवताना मी पाहिलेलं नाही.

पावणेचारला सगळं आवळून झालं. कागद पुन्हा ओवला. अँगस बटणांपाशी गेले आणि तिथून मागे सरले.

‘‘तू चालव. मी कान लावतो. तू नाक लाव.’’

मी भोंगा दिला. एक, दोन, तीन. हिरवं बटण. आधी तो कण्हल्यासारखा आवाज, मग कागद सरकला, आणि मग पायाखाली ती थरथर! तळलेल्या फ्रिकांडेलचा वास शेडभर पसरला होता, त्याच्याआड दुसरा कोणताही वास नव्हता. मी नाक वर करून उभी होते, शिकारी कुत्र्यासारखी, आणि अँगस डोळे मिटून. पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटचा गठ्ठा बांधला. वृद्धनिवासाचे गठ्ठे मी आणि सुहासनी मुलांच्या घसरगाडीवर दोरीनं बांधले आणि बर्फातून ओढत नेले. फाटकावरच्या माणसानं घड्याळ बघितलं. सहाला आठ मिनिटं कमी होती.

बहिणीनं पुढच्या आठवड्यात शह मोडला. वर्षअखेर डाव बरोबरीत सुटला आणि दोघंही एकमेकांवर चिडली.

अँगसचं नाक पूर्ण परत आलं नाही. वर्षभरानं कॉफीचा वास यायला लागला, पण जळक्या रबरासारखा. एका सकाळी त्यांनी केसला आणि मला बोलावलं. ‘‘जे मशीन मला हुंगता येत नाही ते मी चालवणार नाही,’’ ते म्हणाले. आम्ही समजूत घातली, मी नाक आहे म्हटलं, केसनं दोन नाकं आहेत म्हटलं. ते हसले, पण बधले नाहीत. पेपर चालू ठेवायचा, तो केसनं आणि मी बघायचा, आणि छपाई बाहेरच्या मोठ्या छापखान्यातून करून घ्यायची असं ठरलं. मशीन उलगडून नेलं तेव्हा शेडमध्ये फरशीवर फक्त चार बोल्टांची भोकं राहिली. तीन भोंग्यांविना गुरुवार कसा सुरू करायचा हे मला किती तरी दिवस कळेना.

बाहेर छापलेला पहिला अंक ट्रकमधून आला. रंग देखणे, कागद गुळगुळीत. मी एक प्रत घेऊन अँगसच्या घरी गेले. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं, एकेक पान उलटत गेले. दोष सापडेना तसे ते हिरमुसत चालले. शेवटच्या पानाच्या तळाशी पोचले आणि एकदम सरसावून बसले.

आपल्याकडे तिथे ‘हे पत्र मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी छापून प्रसिद्ध केले’ अशी बारीक ओळ असते. तिथेही असते. ‘मुद्रक : अँगस रॅट्रे, कापेल आन डेन आयसेल.’ नव्या छापखान्याचं नाव घालायचं मी साफ विसरले होते.

‘‘चूक!’’ ते आनंदानं ओरडले. ‘‘मरायके, इकडे ये! पहिल्याच अंकात चूक! मी हा पेपर छापलेला नाही!’’

‘‘सॉरी, अँगस,’’ मी म्हटलं. ‘‘पुढच्या आठवड्यात दुरुस्त करते.’’

पुढच्या आठवड्यात मी खाली मोठ्या छापखान्याचं नाव घातलं आणि वरची ओळ तशीच राहू दिली. गुरुवारी अकराला त्यांचा फोन आला, चूक अजून तशीच आहे म्हणून. मी पुन्हा माफी मागितली. त्यालाही आता काही वर्षं झाली. मी निवृत्त होताना पानं एका नव्या मुलीच्या हाती सोपवली आणि तिला एवढंच बजावलं, की त्या ओळीला हात लावायचा नाही, आणि गुरुवारी अकराला फोन वाजला की सॉरी म्हणायचं.